विश्लेषण : रुग्णालयातील आकडे का फसवतात?

कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० मध्ये, एक बातमी मोबाइलवर खूप फिरली. रुग्णालयात दाखल झालेल्यांत धूम्रपान करणारे कमी दिसतात. मग निकोटिन विषाणूपासून वाचवते की काय? त्यावर आक्षेप घेणाऱ्या संशोधकांनी ज्या दोषाकडे बोट दाखवले, तो १९४६ मध्येच एका डॉक्टरने गणित मांडून दाखवला होता. त्यांचे नाव जोसेफ बर्कसन.

कोण होते बर्कसन?

जन्म १८९९, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन. आधी भौतिकशास्त्र, मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून वैद्यकीय पदवी आणि संख्याशास्त्रात डॉक्टरेट. पुढे मिनेसोटातील मेयो क्लिनिकच्या संख्याशास्त्र विभागाचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. संख्याशास्त्रात आज सर्रास वापरला जाणारा ‘लॉजिट’ हा शब्दही त्यांचाच.

त्या काळी पित्ताशयाच्या विकारामुळे मधुमेह होतो किंवा बळावतो, असा समज होता. काही डॉक्टर तर मधुमेहावर उपाय म्हणून पित्ताशयच काढून टाकत. आधार काय, तर रुग्णालयात दोन्ही आजार एकत्र दिसतात.

मग चूक कुठे होती?

एक काल्पनिक शहर घ्या. पित्ताशयाचा विकार असलेले १,००० जण, त्यांपैकी १०० जणांना मधुमेह. म्हणजे १० टक्के, बाकी शहराइतकाच. दोन्ही आजारांचा एकमेकांशी संबंध नाही. समजा, प्रत्येक आजार दहापैकी एकाला रुग्णालयात पोहोचवतो. फक्त पित्ताशयाचा त्रास असलेल्या ९०० पैकी ९० जण दाखल होतील. दोन्ही आजार असलेल्यांना मात्र दाखल होण्याची दोन कारणे आहेत : १०० पैकी १० जण एका आजाराने, उरलेल्या ९० पैकी ९ जण दुसऱ्याने. एकूण १९. म्हणजे वॉर्डातील पित्ताशयाच्या १०९ रुग्णांपैकी १९ मधुमेही, १७ टक्क्यांहून अधिक! शहरात नसलेला संबंध वॉर्डात तयार झाला, तो केवळ दाराशी झालेल्या निवडीमुळे.

यालाच आज ‘कोलायडर बायस’ म्हणतात. दोन कारणांचे बाण एकाच परिणामावर, इथे रुग्णालयात दाखल होण्यावर, येऊन आदळतात. आणि आपण नेमके तेवढेच लोक मोजतो. कोविडमध्ये सुरुवातीला चाचण्या मुख्यतः गंभीर रुग्णांच्या आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या होत होत्या. त्या गटावरून साऱ्या समाजाबद्दल बोलणे धोक्याचेच होते.

शंकेचे दुसरे टोक

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे १९५० चे डॉल आणि हिल यांचे गाजलेले संशोधनही रुग्णालयांतील रुग्णांवर आधारलेले होते. बर्कसन यांनी त्यावर शंका घेतली, तेव्हा ती रास्त होती. म्हणूनच पुढे ब्रिटनमधील हजारो डॉक्टरांच्या सवयी आधी नोंदवून मग वर्षानुवर्षे त्यांचे काय होते ते पाहणारा अभ्यास महत्त्वाचा ठरला. त्यात रुग्णालयाचे दार मध्ये नव्हते. संबंध तरीही दिसला. बर्कसन मात्र १९५८ मध्येही नवनवे आक्षेप काढत राहिले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर सिगारेटबद्दलचा वाद विज्ञानात केव्हाच निकाली निघाला होता. पित्ताशयाच्या बाबतीत मात्र त्यांचे गणित आजही जसेच्या तसे शिकवले जाते.