कऱ्हाकाठचा मयूर

बारामतीला कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. म्हणायचा वाडा, पण दगडी तट नि बुरूज पाहिले की भुईकोटच वाटावा. मधल्या काळात तिथे सरकारी कचेऱ्याही नांदल्या. अलीकडे त्याच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तुम्ही तिथे जाल, तेव्हा ती विचारतील, इथे कोण राहत होते? आता नाव धन्याचे सांगायचे, की त्याच्या पुराणिकाचे?

धनी काही सामान्य नव्हता. बाबूजी नाईक जोशी हे बडे सावकार. थोरल्या बाजीरावालाही त्यांचे देणे होते, आणि बाजीरावाची बहीण भिऊबाई ही बाबूजींची भावजय. १७४० मध्ये बाजीराव गेला, तेव्हा रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर बाबूजींनी पेशवेपदासाठी खटपट केली. पद मिळाले नानासाहेबाला.

पुराणिकाचे नाव मोरोपंत पराडकर. घराणे मूळचे कोकणातले, जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. तिथेच पाध्ये बंधूंपाशी संस्कृताचे अध्ययन झाले. ऐन पंचविशीच्या सुमारास ते वडिलांमागोमाग बारामतीला आले आणि नाईकांच्या आश्रयाला राहिले. नीरेचा कालवा यायला अजून शतकाहून अधिक अवकाश होता. बारामती-इंदापूरचा हा मुलूख तेव्हा पावसाकडे डोळे लावून बसणारा. अशा गावी धन्याला पुराण सांगायचे, त्याच्या मुलांना शिकवायचे आणि उरल्या वेळात लिहायचे, असा पंतांचा चाळीस वर्षांचा संसार.

पण लिहिले किती! अवघे महाभारत त्यांनी सुमारे १७ हजार आर्यांत मराठीत आणले. रामायणे तर एकशेआठ रचली, असे सांगतात. त्यांतले निरोष्ठ रामायण ओठाला ओठ न लावता म्हणायचे. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ हा शब्दच वापरायचा नाही! या कसरतींपायी पंतांना पंडिती कवी म्हणून नाके मुरडणारेही पुष्कळ झाले.

त्यांना खरे उत्तर आहे ‘केकावली’. केका म्हणजे मोराची हाक, आणि कवीची नाममुद्रा ‘मयूर’. आयुष्याच्या उतरणीला लिहिलेल्या या काव्यात पांडित्य आहेच, पण त्याच्या आडून एक म्हातारा देवाशी हक्काने भांडतो आहे. धन्यापुढे कथा सांगण्यात जन्म गेलेल्या माणसाने इथे स्वतःसाठी मागितले, आणि मागितली ती फक्त करुणा. १७९४ साली बारामतीतच पंतांनी देह ठेवला.

सावकारी गेली, पेशवाईही गेली. वाड्याचे चिरे नि लाकूड पुन्हा बसवता येते. तिथला आवाज मात्र आपणच जागवायचा. म्हणून मुलांना ओसरीवर बसवा आणि सांगा, ओठ न मिटता रामाची गोष्ट सांगून दाखव पाहू! पहिल्याच वाक्यात ती अडखळतील, खळखळून हसतील. मग पंतांचे नाव सांगा. ते ती विसरायची नाहीत.