लंकेचे प्रेषित संत जुझे वाझ

गोमंतकाने ख्रिस्तसभेस दिलेल्या संतांत जुझे वाझ ह्यांचे नाव आम्ही अग्रस्थानी ठेवितो. त्यांचा जन्म १६५१ साली बाणावली येथे झाला. १६७६ त त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळी लंकेतील कॅथोलिकांची दशा शोचनीय होती. पोर्तुगेजांच्या अमदानीत तेथे मूळ धरिलेल्या त्या मंडळीचे धर्मगुरू वलंदेजांनी १६५८ साली जाफना घेतल्यावर हाकून दिले. पुढे सुमारे तीस वर्षे मिस्सा अर्पिण्यास किंवा मरणाऱ्याचा पापनिवेदन-संस्कार करण्यास कोणी उरला नाही. हे ऐकून फादर वाझ १६८७ त मजुराच्या वेषाने जाफन्यास उतरले. वाटेत जडलेल्या अतिसाराने अंगी त्राण नव्हते. बरे वाटताच गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले. माळ पाहून ज्याची मुद्रा पालटे, तो आपला, असे ते ताडीत. ही युक्ती आम्हांस पुष्कळ प्रवचनांहून मोलाची वाटते! मग रात्री एखाद्या घरी गुप्तपणे मिस्सा होई.

१६९२ त ते कँडीस गेले व पोर्तुगेजांचे हेर समजून बंदीत टाकिले गेले. पुढे तेथील बौद्ध राजाने त्यांस मोकळीक दिली. १६९७ च्या देवीच्या साथीत आप्तांनी टाकिलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनी स्वहस्ते केली, तेव्हा राजाचा विश्वास अधिकच दृढ झाला.

गोव्यास ते परतलेच नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी त्यांनी कँडीतच देह ठेविला. २०१५ त पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबो येथे त्यांस संतपद दिले. त्यांच्यामागून जुन्या गोव्याच्या ओरेटरी संघाचे गुरू शंभरांहून अधिक वर्षे त्या लोकांत जात राहिले.