बार्बरा हेपवर्थ : दगडाला आरपार भोक पाडणाऱ्या शिल्पकार

बार्बरा हेपवर्थ यांचा जन्म १० जानेवारी १९०३ रोजी इंग्लंडमधल्या वेकफील्ड गावी झाला. वडील सर्व्हेअर. ते मोटारीतून कामाला निघाले की लेकीलाही सोबत नेत. यॉर्कशायरच्या टेकड्यांचे चढउतार तिने असे पाहिले. सात वर्षांची असताना शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी इजिप्तच्या शिल्पांवर व्याख्यान दिलं आणि मूर्तिकार व्हायचं तिच्या मनाने तिथेच घेतलं. (शाळेतल्या एका तासाची ताकद बघा!)

१९२० साली त्या लीड्सच्या कलाशाळेत गेल्या. तिथे सोबतीला हेन्री मूर होते. पुढे दोघंही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकले. तेव्हा बरेच शिल्पकार मातीचा नमुना करून देत आणि दगड घडवत ते कारागीर. या पिढीने छिन्नी-हातोडा स्वतःच्या हातात घेतला. बार्बरा इटलीत जाऊन संगमरवर घडवायला शिकल्या.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एका दगडाला आरपार भोक पाडलं. आज यात विशेष वाटणार नाही. पण दगडाइतकीच त्यातली पोकळीही शिल्पाचा भाग होऊ शकते, हे तेव्हा नवंच होतं. मूर यांच्या शिल्पांतली भोकं जास्त गाजली, वाट मात्र बाईंनी आधी धरली होती.

१९३४ मध्ये त्यांना तिळं झालं! घरात पाच वर्षांचा पॉल होताच. तरी काही आठवड्यांतच त्या पुन्हा कामाला लागल्या आणि पांढऱ्या संगमरवराचे तीन साधे आकार घडवले. १९३९ साली युद्धाच्या तोंडावर कुटुंब समुद्रकाठच्या सेंट आइव्हजला आलं. दिवसभर मुलं आणि घर, दगडाला हात लावायला सवड नाही. मग रात्री चित्रं काढायची. आपल्याकडच्या कितीतरी आयांना हे ओळखीचं वाटेल.

१९५३ मध्ये वैमानिक झालेला पॉल थायलंडमध्ये विमान अपघातात गेला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी गावातल्या चर्चला माता-बालकाचं शिल्प घडवून दिलं. त्यांचे स्नेही, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड हेही १९६१ मध्ये विमान अपघातातच गेले. त्यांच्या स्मरणार्थ केलेलं २१ फूट उंचीचं ब्राँझ शिल्प १९६४ पासून न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोर उभं आहे. त्यालाही आरपार भोक आहेच.

२० मे १९७५ रोजी स्टुडिओला लागलेल्या आगीत बार्बरा गेल्या. पुढच्याच वर्षी तो स्टुडिओ लोकांसाठी खुला झाला. हत्यारं आणि अर्धवट राहिलेले दगड तिथे आजही पाहायला मिळतात.