न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

लोकमान्य टिळकांचे नाव ठाऊक नसलेला माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण. पण १८९७ साली त्यांना जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? त्यांची ओळख माझ्या अल्पमतीप्रमाणे करून देत आहे.

तय्यबजींचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा व्यापारी कुटुंबात झाला. १८६० मध्ये ते शिक्षणासाठी विलायतेला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे मध्येच परतावे लागले. पण जिद्द न सोडता ते पुन्हा गेले व १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे त्यांनी अध्यक्षपद भूषविले आणि १८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

दोनच वर्षांत कसोटीची वेळ आली. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाने पुणे संतापले होते. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. जुलैअखेर 'केसरी'तील लिखाणाबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. या गुन्ह्याला जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा होती. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टातही पहिला अर्ज फेटाळला गेला. खटला सेशनकडे गेल्यावर बॅ. दावर यांनी तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज केला.

तय्यबजी स्वतः नेमस्त मताचे. परंतु टिळकांचे राजकारण बरे की वाईट, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. आरोपी खटल्याच्या दिवशी हजर राहील का? तुरुंगात बसून त्याला बचावाची तयारी नीट करता येईल का? पुढे तो निर्दोष ठरला, तर कोठडीतले दिवस त्याला कोण परत देणार? असा विचार करून ४ ऑगस्टला त्यांनी जामीन मंजूर केला. द्वारकादास धरमसी हे व्यापारी जामीनदार राहिले. सप्टेंबरमध्ये टिळक कोर्टात हजर झाले आणि दीड वर्षाची सक्तमजुरी भोगायला गेले. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

१९०२ मध्ये तय्यबजींनी हंगामी सरन्यायाधीशपद सांभाळले. १९०६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा आरोप आला, तेव्हा न्यायासनावर दावर होते. बॅ. जिना यांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला. कलम तेच, आरोपीही तोच. न्यायासनावरचा माणूस मात्र बदलला होता!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्याकडे जामीन राहणे म्हणजे सोसायटीच्या कर्जाला सही देणे. वस्तीवरचे कोणी पकडले गेले, तर गाव त्याला त्याच दिवशी गुन्हेगार ठरवते. कोर्टाने जामीन दिला तरी सातबारा आणि ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार मिळत नाही, म्हणून तो आतच राहतो. टिळकांना द्वारकादास मिळाले. आमच्या माणसाला कोण मिळणार?

राज्यशास्त्राच्या पुस्तकात व्यक्तिस्वातंत्र्याची व्याख्या मी पाठ केली. तिचा अर्थ मला तय्यबजींच्या चरित्राने शिकविला. उद्या आपल्यापैकी कोणी वकील होईल, कोणी न्यायाधीश. गुन्ह्याचे नाव ऐकूनच मन घट्ट होऊ लागेल, तेव्हा त्यांनी तय्यबजींचे ते साधे प्रश्न आधी विचारावेत, एवढीच माझी विनंती.