स्टेथोस्कोपचे जनक रेने लेनेक
आपल्या छातीतले दुखणे डॉक्टरांना बाहेरून कळते, याचे श्रेय आम्ही फ्रान्सच्या रेने लेनेक (१७८१–१८२६) यांना देतो. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात हृदयविकाराची एक तरुणी आली. तिच्या छातीला कान लावणे संकोचाचे, म्हणून त्यांनी कागदाची घट्ट सुरळी करून लावली. ठोके स्पष्ट ऐकू आले. मग त्यांनी लाकडी नळी घडवली. रुग्णांच्या छातीतले आवाज टिपायचे आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात दिसलेल्या बिघाडाशी ताडून पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. १८१९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. अखेर क्षयाने त्यांनाच गाठले. नात्यातल्या तरुण डॉक्टरने त्याच साधनाने त्यांची छाती तपासून निदान केले. वयाच्या ४५व्या वर्षी ते गेले, नळी मात्र जगभर पोचली.