रूमकॉर्फ आणि त्यांचें वेटोळें

रूमकॉर्फचें वेटोळें पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. त्या नांवामागील मनुष्य बहुधा अपरिचितच राहतो. हाइनरिश रूमकॉर्फ १८०३ सालीं जर्मनींतील हानोव्हर येथें जन्मले आणि पॅरिसमध्यें शास्त्रीय उपकरणांचे कारागीर म्हणून नांवारूपास आले.

त्यांच्या यंत्रांत लोखंडी गाभ्याभोंवतीं जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे हजारों वेढे असतात. जाड तारेंतील प्रवाह एकदम तोडला कीं बारीक तारेंत क्षणभरच, पण प्रचंड विद्युद्दाब उत्पन्न होतो. आमच्या करकंबकडील जोंधळ्याचा राखणदार गोफण गरगर फिरवून दगड एकाएकीं सोडतो, तसेंच कांहींसें हें आहे. सर्व अडचण त्या एकाएकीं सोडण्यांत! तोडण्याच्या जागीं ठिणगी पडे व प्रवाह रेंगाळे. १८५३ सालीं फिझो यांनीं तेथें विद्युत्संधारक जोडून ही खोड बरीच घालविली. पुढें या वेटोळ्यांतून फूटभर लांबीच्या ठिणग्या निघूं लागल्या.

१८६४ सालीं फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याच्या नांवें रूमकॉर्फ यांस ५०,००० फ्रँकांचें पारितोषिक मिळालें. मात्र आयर्लंडांतील मेनूथ येथील अध्यापक व धर्मगुरु निकोलस कॅलन यांनीं असें वेटोळें १८३६ सालींच बनविलें होतें, आणि ते त्याच १८६४ च्या जानेवारींत निवर्तले. पहिल्या शोधाचा मान कॅलन यांचाच, असें आम्हांस वाटतें. परंतु तें यंत्र भरंवशाचें करून प्रयोगशाळांच्या हातीं देणारे रूमकॉर्फच.

१८७७ सालीं ते पॅरिस येथें वारले. त्यानंतर अठरा वर्षांनीं राँटजेन यांस क्ष-किरण दिसले, तेव्हां त्यांच्या नळीस विद्युत् पुरविणारें वेटोळें रूमकॉर्फ यांच्याच पद्धतीचें होतें.