हवेतून खत काढणारे हाबर

दोन पदार्थ एकत्र येऊन एकच नवा पदार्थ झाला, की ती संयोग अभिक्रिया. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो रटरटून विरतो, ती हीच. नायट्रोजन आणि हायड्रोजन मिळून अमोनिया होतो, हेही समीकरण कळव्यातला दहावीचा विद्यार्थी अर्ध्या मिनिटात लिहून दाखवील. प्रत्यक्षात मात्र या एका ओळीने रसायनशास्त्रज्ञांना पिढ्यानपिढ्या दाद दिली नव्हती. ती वठणीवर आणली फ्रिट्झ हाबर यांनी.

हाबर यांचा जन्म १८६८ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या ज्यू कुटुंबात झाला. वडील रंगांचे व्यापारी. आई बाळंतपणानंतर लगेचच गेली. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, कारण जर्मनीत प्राध्यापकी मिळवण्यात ज्यू असणे आड येई.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून बसलेले. ते सुटावेत म्हणून तापवावे, तर तयार झालेला अमोनियाच पुन्हा फुटतो. हाबर आणि त्यांचे इंग्रज सहकारी रॉबर्ट ल रॉसिन्यॉल यांनी सुमारे दोनशे वातावरणांचा दाब दिला, ऑस्मियम हा उत्प्रेरक वापरला आणि न जुळलेला वायू पुन्हा पुन्हा फिरवत ठेवला. माझ्या मते खरी अक्कल या फिरवण्यात होती. जुलै १९०९ मध्ये कार्लस्रुहच्या प्रयोगशाळेत द्रव अमोनिया थेंब थेंब पडू लागला. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना केला. तो १९१३ मध्ये सुरू झाला.

आज मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांत पडणारा युरिया याच अमोनियापासून बनतो. ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नायट्रोजन असतो, आणि तो हवेतून आलेला. आपल्याकडे ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळ येथील कारखान्यांत हेच चालते. जगातल्या निम्म्या लोकांचे अन्न या अभिक्रियेवर उभे आहे, असा अंदाज आहे.

पण अमोनियापासून नायट्रिक आम्ल बनते आणि त्यातून स्फोटके. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा दारूगोळा त्यामुळेच पुरला. हाबर एवढ्यावर थांबले नाहीत. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे त्यांच्या देखरेखीखाली क्लोरीन वायू सोडण्यात आला. नळाच्या पाण्यातले जंतू मारायला आपण अगदी थोडा वापरतो, तोच हा क्लोरीन. फुप्फुसातल्या ओलाव्याशी मिळून तो आम्ले तयार करतो, फुप्फुसात पाणी भरते आणि माणूस गुदमरतो. विषारी वायूची मात्रा गुणिले तो हुंगण्याचा काळ, हा धोक्याचा हिशेब विषशास्त्रात आजही हाबर यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्यांच्या पत्नी क्लारा ब्रेस्लाऊ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला होत्या, त्याही रसायनशास्त्रात. लग्नानंतर त्यांचे संशोधन मागे पडले. ईप्रनंतर दहा दिवसांतच त्यांनी आयुष्य संपवले. त्यामागच्या कारणांवर इतिहासकारांचे एकमत नाही. हाबर मात्र लगेच पूर्व आघाडीवर निघून गेले.

१९१८ चे नोबेल त्यांना मिळाले, तेव्हा अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी निषेध केला. युद्धाची भरपाई फेडण्यासाठी समुद्राच्या पाण्यातून सोने काढण्याचाही घाट त्यांनी घातला. ते सोने अंदाजापेक्षा फारच कमी निघाले.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्याचा हुकूम आल्यावर हाबर यांनी राजीनामा दिला आणि देश सोडला. त्यांच्या संस्थेत कीटकनाशक म्हणून झालेल्या सायनाइड वायूवरच्या कामातून पुढे झिक्लॉन-बी तयार झाले. छळछावण्यांत ते माणसांवर वापरले गेले. हाबर यांचे काही नातेवाईकही त्या छावण्यांत मारले गेले. ते पाहायला ते नव्हते. २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे क्लारा यांच्या अस्थी पुढे तिथेच, त्यांच्याशेजारी नेण्यात आल्या.